मानाचा ग्लास

बाटली शालीत गुंडाळून मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्याला टॅक्सीवाल्याने आरशातून दोन-तीनदा न्याहाळलं आणि शेवटी न राहवून विचारलं, नातवंड झोपलंय का आजोबा? नाकोबा म्हणाले, झोपलंय असंच समज, आणि खड्डा दिसला की गाडी हळू घे. टॅक्सीवाला शहाणा निघाला. पुढचा सगळा रस्ता त्याने गाडी अशी चालवली की मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला.

नाकोबा हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात त्यांनी उभी हयात काढली, आणि तिथली वाइनची सगळी खरेदी त्यांच्या नाकाच्या भरवशावर चालायची. ग्लास नाकाशी नेला की साल कुठलं, द्राक्षं नदीच्या कुठल्या काठावरची, त्या वर्षी पाऊस वेळेवर आला की उशिरा, हे सगळं ते भविष्य सांगावं तसं सांगत. फरक एवढाच की त्यांचं खरं निघत असे. त्यात फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन म्हणजे जीव की प्राण. तीही जुन्या वळणाची. तरुणपणी तुसडी, तोंड आवळून टाकणारी, कोणाशी धड न बोलणारी. आणि वीस-तीस वर्षं अंधारात आडवी पडून राहिली की मग माणसांत येणारी. पहिल्याच घोटाला गळ्यात पडणाऱ्या हल्लीच्या वाइनविषयी त्यांचं मत ऐकण्यासारखं होतं, छापण्यासारखं नव्हतं.

ते नाक गेलं. दोन हिवाळ्यांपूर्वी साधा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. कळलं ते असं, की नाकोबा गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते, दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला, वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली, आणि हे विचारतात काय, की एवढी धावपळ कशासाठी?

ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली. साडूला. साडू दातांचा डॉक्टर, वयाने बराच लहान, आणि त्याची बायको म्हणजे नाकोबांच्या बायकोची धाकटी बहीण. बायको गेल्यावर नाकोबांना या घरानेच सांभाळलं होतं. आजारपण असो, नळ गळत असो, की नुसतं करमत नसो, ते साडूलाच फोन करायचे. सख्खा भाऊ असता तरी त्याने यापेक्षा जास्त काय केलं असतं, असं ते चारचौघांत बोलून दाखवत.

या साडूच्या घरीच दर दोन-एक महिन्यांनी रविवारी दुपारी गाळ मंडळाची पंगत बसे. जुन्या वाइनच्या तळाशी काळपट गाळ बसतो, त्यावरून हे नाव आर्किटेक्टने ठेवलं होतं. मंडळ म्हणजे नाकोबा, साडू, मेहुणी, एक वकीलबाई आणि हा आर्किटेक्ट. प्रत्येकाने पाळीपाळीने आपल्याकडची एक जुनी बाटली आणायची. नियम थोडेच, पण कडक होते. वाइन स्वयंपाकघरात गाळावरून अलगद ओतून घ्यायची आणि बाटली जेवण होईपर्यंत दाखवायची नाही. नाकोबा बोलेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. आणि शेवटचा गाळ ज्याची बाटली त्याचा. तो त्याने मिटक्या मारत प्यावा, की आणखी काही करावं, हा त्याचा प्रश्न.

नाक गेल्यावर या पंगतीला कोणत्या तोंडाने जायचं, हा प्रश्न होता. तो साडूनेच सोडवला. तो म्हणाला, दादा, मी आदल्या दिवशी फोन करून तुम्हाला वाइन आणि साल सांगत जाईन. बाकी सगळं तुम्हाला पाठच आहे. नाकोबांना हे खटकलं, लबाडी ती लबाडीच. पण त्या टेबलाशिवाय त्यांच्याकडे उरलं काय होतं? आणि बोलायला लागले की वाइन त्यांना खरंच आठवायची, देवदाराच्या लाकडी पेटीसकट, ओल्या मातीसकट. टेबलावरची मंडळी डोळे मिटून ऐकायची.

साडू एवढ्यावरच थांबला नाही. त्याच सुमारास त्याने काळ्या काचेचे ग्लास आणले. खरे परीक्षक असेच ग्लास वापरतात, रंग दिसला की मन फितूर होतं, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. नाकोबांच्या वाढदिवसाला त्याने त्यांच्या ग्लासाच्या दांडीवर चांदीचं वळं बसवून घेतलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की हा दादांचा मानाचा ग्लास, याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. नाकोबांना त्या दिवशी भरून आलं होतं.

तर आता मांडीवर होती ती त्यांची स्वतःची बाटली, खोक्यातली शेवटची. लग्न नवं असताना दोघं बोर्दोला द्राक्षमळे बघायला गेली होती, तेव्हा आणलेलं खोकं. दर लग्नाच्या वाढदिवसाला एक उघडायची, असं ठरलं होतं. पण पहिली बरीच वर्षं ती वाइन इतकी तुसडी होती, की दोघं वाट बघत बसली. मग ती हळूहळू उलगडत गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बायको म्हणाली होती, शेवटची एकट्याने प्यायची नाही हं. त्यांनी मान डोलावली होती.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी एक आशा दाखवली होती. गेलेला वास कधीकधी परत येतो, आणि येताना एखाद्या अगदी ओळखीच्या वासाचं बोट धरून येतो, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून नाकोबा रोज सकाळी कॉफीचा डबा, साबणाची वडी आणि बायकोची ही शाल, यांत नाक खुपसून बसत. बधिरपणापलीकडे काही हाती लागलं नाही. मग त्यांनी मनाशी ठरवलं, की आता ही बाटली. या वाइनपेक्षा ओळखीचं त्यांच्या नाकाला जगात दुसरं काही नव्हतं. आणि हिच्यातूनही वास आला नाही, तर त्याच टेबलावर सगळ्यांना खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं.

हे सगळं त्यांनी त्या दिवशी टॅक्सीतून उतरून साडूला बाटली देताना सांगितलं. म्हणाले, माझी सगळी भिस्त हिच्यावर आहे. साडूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, निर्धास्त राहा म्हणाला, आणि गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली कपाटात उभी ठेवली.

रविवारी नाकोबा अर्धा तास आधीच पोचले. खांद्यावर बायकोची शाल होती, खिशात मेणबत्ती होती आणि दोन पातळ पात्यांची चिमट्यासारखी उघडणी होती. जुनं बूच साध्या उघडणीने काढायला गेलं की त्याचा भुगा होतो. पण साडू दारातच म्हणाला, की त्याने सगळं आत्ताच उरकलं आहे, बूच नीट निघालं, दादांनी फक्त बसायचं. एवढी जुनी वाइन हवेत फार वेळ तग धरत नाही. शिवाय ते ओतणं त्यांना स्वतः करायचं होतं. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून, गाळाची पहिली रेघ मानेशी येईपर्यंत. पण दुसऱ्याच्या घरात किती हट्ट धरायचा, म्हणून त्यांनी मेणबत्ती खिशातच राहू दिली.

भाजलेलं मांस आलं, पाव आला, आणि मेहुणी तबकात ग्लास घेऊन आली. मानाचा ग्लास तिने स्वतःच्या हाताने नाकोबांपुढे ठेवला. नाकोबांनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि जन्मभर जसा घेतला तसा लांब श्वास घेतला.

काही नाही. थंड हवा तेवढी आत गेली.

त्यांनी पुन्हा घेतला. ग्लास फिरवून, तोंड जवळजवळ आत घालून घेतला. रिकाम्या खोलीत हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तसं झालं. संपलं, असं ते मनात म्हणाले. हिच्यातूनही नाही, म्हणजे आता कशातूनच नाही. त्यांना तिथेच डोकं टेकून रडावंसं वाटलं. पण सगळे वाट बघत होते. निदान या बाटलीवर तिच्यासाठी दोन शब्द बोलावेत आणि मग खरं सांगावं, म्हणून ते बोलले. देवदाराची पेटी. नुकतीच तासलेली शिसपेन्सिल. पाऊस पडून गेल्यावर बागेतल्या कुजत्या पानांचा वास. बोर्दोच्या त्या लहानशा खोलीतल्या खिडकीबद्दलही ते बोलले, आणि चिखलाने भरलेल्या बुटांबद्दल बायको किती हसली होती, तेही सांगितलं. आर्किटेक्टने डोळे पुसले. मग सगळ्यांनी ग्लास उचलले आणि नाकोबांनीही एक घोट घेतला.

हिरड्या आवळल्या. गाल आतून खरखरीत झाले. त्यांना वाटलं, नाकापाठोपाठ आता तोंडही कामातून गेलं. गेलं दीड वर्ष या टेबलावर त्यांना हेच वाटत आलं होतं. प्रत्येक वाइन आंबट, कडक आणि तुरट लागायची आणि ते स्वतःच्या जिभेला दोष द्यायचे. पण ही वाइन परकी नव्हती. ही तोंडात कशी बसते, हे त्यांना वासाशिवायही माहीत होतं, जशी घरातली पायरी अंधारातही पायाला माहीत असते. त्यांनी दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच.

तेवढ्यात आर्किटेक्ट म्हणाला, काय मऊ झाली आहे हो ही, जिभेवरून नुसती घसरते.

नाकोबांनी ग्लास खाली ठेवला. घसरते? त्यांच्या तोंडाला तर कोरड पडली होती. वाइन बिघडली असती तर मरगळलेली लागली असती. ही चांगली धट्टीकट्टी होती, फक्त काल-परवाची होती. त्यांनी काळ्या ग्लासात डोकावून पाहिलं. काळ्यात काय दिसणार? मग त्यांनी मांडीवरचा पांढरा रुमाल उचलला आणि त्याचं एक टोक आपल्या ग्लासात बुडवलं. टोक जांभळं झालं, सांडलेल्या शाईसारखं. त्यांनी हात लांब करून, न विचारता, शेजारी बसलेल्या साडूचा ग्लास ओढला आणि दुसरं टोक त्यात बुडवलं. ते विटकरी झालं, कडेला जवळजवळ चहाच्या डागासारखं. दोन्ही टोकं शेजारीशेजारी येतील असा रुमाल त्यांनी पावाच्या ताटलीजवळ पसरला. नव्या वाइनचा डाग जांभळा आणि जुनीचा विटकरी, हे त्या टेबलावर कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

साडू रुमालाकडे बघत राहिला. "दादा, जेवण झाल्यावर बोलू."

"आत्ता बोल."

मग तो बोलला, दवाखान्यात दाढ काढण्याआधी बोलावं तशा समजुतीच्या आवाजात. बाटली एक असते आणि तोंडं पाच. अशा बाटल्या आता पुन्हा मिळणार नाहीत. दादांचं मन मोडू नये, त्यांची जागा त्यांना राहावी, म्हणूनच तर हे सगळं केलं. त्यांच्या ग्लासातही चांगलीच वाइन असते, कोणी काही गटाराचं पाणी देत नव्हतं. आणि सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "खरं सांगा दादा, तुम्हाला काय फरक पडणार होता?"

"मी तुला या बाटलीचं सांगितलं होतं."

"असं काही होत नसतं दादा. मी डॉक्टर आहे."

"दातांचा," नाकोबा म्हणाले.

नाकोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आर्किटेक्ट काट्याने बटाटा इकडून तिकडे सारत होता. मेहुणी मिठाच्या बाटलीचं झाकण लावत-काढत होती. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी कधीपासून असं विचारलं, तेव्हा वकीलबाईंनी सांगून टाकलं, की काळे ग्लास आले तेव्हापासून. आता नाकोबांना सगळं लख्ख दिसलं. काळी काच कोणाच्या डोळ्यांसाठी होती आणि चांदीचं वळं कशासाठी होतं, हेही कळलं. तबकातून कोणता ग्लास कोणापुढे ठेवायचा, याची ती खूण होती, आणि तिलाच त्यांनी मान समजून मिरवलं होतं.

पण मग तो आदल्या दिवशीचा फोन कशाला? मला उगाच बोलायला का लावत होतात, असं त्यांनी विचारलं. वकीलबाईंचा आवाज एरवी कोर्टात खणखणायचा, तो आता खाली आला होता. "तुम्ही बोललात की आम्हाला वास यायचे, नाकोबा. तुमच्याशिवाय आमच्या लेखी ते नुसतं आंबट पाणी आहे."

हे सगळ्यात जास्त लागलं. त्यांचं तोंड या मंडळींना हवं होतं, त्यात घालायला मात्र काही द्यायचं नव्हतं. दीड वर्ष ते आपली लबाडी मनात खात बसले होते, या चौघांना आपण फसवतो आहोत म्हणून झोपेत दचकत होते. आणि हे चौघं त्यांच्याच आठवणी तोंडी लावून त्यांच्याच देखत जेवत होते. त्यांना राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटावी, म्हणून पुन्हा राग आला.

"माझा गाळ आण," ते मेहुणीला म्हणाले. "बाटली माझी आहे. गाळ माझा."

मेहुणीने झाकण खाली ठेवलं. "भाऊजी, मी ती धुतली." "ताईची आठवण म्हणून जपून ठेवायची होती, म्हणून साबणाने स्वच्छ धुतली."

नाकोबा खुर्चीला धरून उठू लागले. तेव्हा वकीलबाईंनी आपला काळा ग्लास टेबलावरून हळूच त्यांच्याकडे सरकवला. तळाशी एक घोट उरला होता.

नाकोबांनी आयुष्यात बायकोखेरीज कोणाचं उष्टं घेतलं नव्हतं. जिची बाटली, तिचा नवरा दुसऱ्याच्या उष्ट्यासाठी हात पुढे करतो आहे, हे त्यांना स्वतःला वरून बघावं तसं दिसलं. उठून जावं, असं मन म्हणत होतं. पण ती शेवटची बाटली होती, आणि जगात तिचं जे काही उरलं होतं, ते या ग्लासाच्या तळाशी होतं. ते पुन्हा बसले. ग्लास त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, तळघरात थंडीच्या दिवसांत धरायचे तसा, आणि त्याला हाताची ऊब लागेपर्यंत थांबले. मग नाकाशी नेला.

टेबलावर कोणी बोललं नाही. नियमच होता तो.

आधी काहीच नाही. मग, श्वास संपता संपता, एवढंसं काहीतरी. नुकतीच तासलेली पेन्सिल. या वेळी त्यांनी तिचं नाव मनात घेतलं नव्हतं, ती आपण होऊन आली. तिच्या मागोमाग ओली पानं आली, आणि पुढे काय येतंय तोवर ते गेलं. त्यांनी घाईने पुन्हा हुंगलं, पण एका घोटात असा किती जीव असणार? त्यांनी तो पिऊन टाकला. तो जिभेवरून घसरला, कुठेही न अडखळता.

भरला ग्लास असता तर काय काय आलं असतं, हा विचार डोक्यातून जाईना. त्यांनी रुमालाची घडी घालायला घेतली.

साडूला राहवेना. "आला?" तो पुढे झुकून म्हणाला. "दादा, वास आला का?"

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी या माणसांपासून एकही वास लपवून ठेवला नव्हता. नाकोबांनी दोन डागांचा तो रुमाल खिशात घातला.

"तुला काय फरक पडतो?" ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बाटली उपडी घालून ठेवली होती. ती त्यांनी शालीत गुंडाळली. मानाचा ग्लास टेबलावर तसाच राहिला, जवळजवळ भरलेला. मेहुणी दारापर्यंत भाऊजी, भाऊजी करत आली. तिला उत्तर दिल्याशिवाय ते या घरातून कधी बाहेर पडले नव्हते, आज पडले.

टॅक्सी मिळाली. हा टॅक्सीवाला दुसरा होता, पण मांडीवरचं गाठोडं बघून त्यानेही वेग कमी केला आणि मागे न बघता म्हणाला, काही नाजूक दिसतंय, सावकाश घेतो.

"नको," नाकोबा म्हणाले. "घे जोरात. रिकामी आहे."